एकोणसत्तर सालचे सील

मित्रांनो, मी एक जुना पाय आहे. माणसाचा नव्हे, जनावराचाही नव्हे; एका लढाऊ विमानाचा पुढचा पाय. इथिओपियातल्या एका तळ्याकाठी हवाई तळ आहे. त्या तळाच्या मागच्या कुंपणाजवळ, भंगारात, मी पडून आहे. माझे चाक कोणीतरी हातगाडीला लावायला काढून नेले. माझ्या पोकळ नळीत पावसाळ्यात पाणी साचते आणि उन्हाळ्यात मुंग्या राहतात. गुडघ्यापाशी मी मोडलो आहे. तो गुडघा कसा मोडला, एवढेच मला सांगायचे आहे. पण ते समजायला थोडे मागून सुरुवात करावी लागेल.

ज्या विमानाचा मी पाय, ते विमान समुद्रापलीकडच्या एका श्रीमंत देशात जन्मले. तिथल्या काही इंजिनिअरांच्या हाती एक लहानसे इंजिन लागले होते. ते मुळात विमानासाठी नव्हतेच. शत्रूच्या रडारला चकवण्यासाठी सोडायच्या एका खोट्या क्षेपणास्त्रासाठी ते बनवले होते. एकदा उडायचे, फसवायचे आणि संपून जायचे, एवढेच त्याचे आयुष्य. इंजिनिअरांच्या मनात आले, इतके हलके आणि इतके जोरकस इंजिन फेकून द्यायला कशाला हवे? अशी दोन शेजारी शेजारी बसवली तर एक छोटे, स्वस्त लढाऊ विमान उभे राहील. त्या काळात लढाऊ विमाने वर्षागणिक अवजड आणि महाग होत चालली होती. हे विमान उलट्या वाटेने निघाले.

त्यांच्या स्वतःच्या हवाई दलाला ते काही पसंत पडले नाही. शिकाऊ वैमानिकांसाठी त्याचे एक भावंड तेवढे ठेवून घेतले. लढाऊ विमान मात्र मित्र देशांना द्यायचे ठरले. ज्यांच्याकडे पैसा कमी, कारागीर कमी, त्यांनाही सांभाळता येईल असे विमान, म्हणून त्याची वाखाणणी झाली. झाकणे कमरेच्या उंचीवर, इंजिन काढायला सोपे, दुरुस्तीला मोजकी अवजारे. अडचण एकच होती आणि तिच्याबद्दल तेव्हा कोणी बोलत नसे. सुटे भाग मात्र त्याच एका देशातून यायचे.

पुढे विमानाची सुधारलेली आवृत्ती निघाली. इंजिने मोठी झाली, पंख रुंद झाले, वजन वाढले. वजन वाढले की आकाशात चढायला धावपट्टी जास्त लागते. ती तर वाढवता येत नाही. मग इंजिनिअरांनी माझी रचना केली. साध्या विमानाच्या पुढच्या पायाला एकच उंची असते. मला दोन आहेत. उड्डाणाआधी वैमानिक एक कळ दाबायचा. तेलाच्या दाबाने मी लांब व्हायचो आणि विमानाचे नाक वर उचलायचो. कुंपणापलीकडे बघायला माणूस टाचा उचलतो ना, तसे. नाक वर झाले की पंखांखाली वारा नीट धरला जायचा आणि विमान लवकर जमीन सोडायचे. आमचा तळ उंच पठारावर. इथे हवा विरळ. इथे माझ्या त्या वीतभर उंचीवर विमानाचे सारे काही अवलंबून होते.

आता माझ्या पोटातली एक गोष्ट सांगतो. ते तेल जागच्या जागी अडवून धरायला माझ्या आत तीन रबरी सील असायची. बांगडीएवढी, काळी, बोटाने दाबली की दबणारी. विमानातल्या सगळ्या वस्तूंत स्वस्त म्हणाल तर तीच. पोलादाचा मी पन्नास वर्षे टिकेन, पण रबर म्हातारे होते. वापरले तर होतेच, डब्यात नुसते ठेवले तरी होते. म्हणून प्रत्येक पाकिटावर ते कोणत्या साली घडवले हे छापलेले असते. ते साल बघून सील घालायचे, जुने असेल तर फेकायचे. साधा नियम.

मी इथे आलो तेव्हा देशात सम्राटाचे राज्य होते. दर वर्षी संचलन व्हायचे. आमची विमाने राजधानीवरून रांगेत जायची आणि शाळेतली मुले माना वर करून हात हलवायची. तेव्हा गोदामात कपाटे भरलेली होती. सील संपली असे कधी ऐकले नाही.

माझी देखभाल अयालनेहकडे होती. हा हवाई दलातला मिस्त्री, उंच, किंचित वाकलेला, बोलायला तुटक. त्या श्रीमंत देशात वर्षभर राहून तो हे काम शिकून आला होता. रोज सकाळी तो माझ्यासमोर उकिडवा बसायचा, चिंधीने माझी चकचकीत दांडी पुसायचा आणि ती चिंधी उजेडात धरून बघायचा. चिंधी कोरडी निघाली की नुसते "हं" म्हणायचा. माझ्या आयुष्यात मला मिळालेले मोठ्यात मोठे कौतुक म्हणजे ते "हं".

त्या विमानात बसायचा कॅप्टन झेरिहुन. हा वैमानिक अंगाने लहानखुरा, तोंडाने मात्र मोठा. अयालनेहपेक्षा वयाने बराच लहान, म्हणून तो त्याला 'गाशे' म्हणायचा. तुमच्याकडे 'दादा' म्हणतात तसे.

"गाशे, पाय ठीक आहे ना आज?"

"विमानाचा ठीक आहे. तुझाच आखूड आहे."

"आखूड म्हणूनच तर तुमच्या त्या डब्यात मावतो मी. तुम्हाला बसवलं तर गुडघे कानाला लागतील."

"बोलणं आवर. तोंड उघड."

तोंड उघड म्हणजे खाण्यासाठी. इथल्या लोकांची एक रीत आहे. ज्याच्यावर जीव आहे त्याच्या तोंडात आपल्या हाताने घास भरवायचा. अयालनेहची बायको येशी त्याच्या डब्यात इंजेरा आणि शिरो द्यायची. इंजेरा म्हणजे टेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाचे मऊ धिरडे, शिरो म्हणजे डाळीच्या पिठाचे दाट कालवण. इंजेराचा तुकडा तोडून त्यात कालवण गुंडाळायचे आणि हातमोजे घातलेल्या झेरिहुनच्या तोंडात कोंबायचे, मगच शिडी लावायची, हा अयालनेहचा नेम होता. झेरिहुन तोंड भरलेले असतानाच शिडी चढायचा आणि वरून काहीतरी बोलायचा. ते कधीच कोणाला समजायचे नाही.

मग सम्राटाचे राज्य गेले आणि सैनिकांच्या समितीचे आले. श्रीमंत देशाशी बिनसले. एक दिवस त्यांची माणसे सामान बांधून निघून गेली आणि त्यांच्यामागे सुट्या भागांची खोकी येणे बंद झाले. नवा मित्र देश मिळाला, त्याची विमानेही येणार असे बोलले जात होते. पण त्या देशाचा एक बोल्टसुद्धा आमच्या भोकात बसत नव्हता.

मित्रांनो, सुटे भाग बंद झाले की विमानांचे काय होते, हे मी डोळ्यांदेखत पाहिले. एका विमानाचे इंजिन बिघडले. ते कोपऱ्यात उभे केले. मग दुसऱ्याला चाक हवे झाले, ते कोपऱ्यातल्याचे काढले. तिसऱ्याला काच हवी झाली, तीही त्याचीच. मिस्त्री त्या कोपऱ्यातल्या विमानाला 'दुभती गाय' म्हणायचे. हसून म्हणायचे, पण कोणी त्याच्या नजरेला नजर देत नसे. वैमानिकाच्या जागी नुसते भोक आणि लोंबणाऱ्या तारा उरल्या होत्या. ते माझेच विमान होते. त्याचे सगळे गेले, शेवटी मी राहिलो. झेरिहुनला आता दुसरे विमान मिळाले होते. त्याच्या पुढच्या पायाला तडा गेला, तेव्हा अयालनेहने मला सोडवले आणि त्याला जोडले. मी निघालो तसे माझे जुने विमान नाकावर बसले. त्याच्याखाली लाकडाचे ओंडके लावले.

आता ज्या चुकीसाठी मी बोलायला बसलो, तिच्याकडे येतो. ती चूक फक्त याच देशात होऊ शकते.

इथले वर्ष बाहेरच्या जगाच्या वर्षामागे सात-आठ वर्षांनी चालते. तुमच्याकडे १९७७ साल उजाडले, तेव्हा इथे १९६९ चालू होते. लोकांचे लग्न, जन्म, पगार, सण सगळे इथल्या सालाने. विमानाचे भाग मात्र परक्या सालाने, कारण ते परक्यांनी घडवलेले. तळावर दोन्ही साले नांदत आणि कधी गोंधळ होत नसे. कारण लिपी. परक्या अक्षरांत लिहिले असेल तर साल परक्यांचे. आपल्या अक्षरांत असेल तर आपले. हे कोणी कोणाला शिकवलेले नव्हते. सगळ्यांना ठाऊक होते, एवढेच.

समितीने तळावर एक राजकीय अधिकारी नेमला, कॉम्रेड मेरीद. तो वाईट माणूस होता असे मी म्हणणार नाही. त्याला विमानातले काही कळत नव्हते आणि आपल्याला कळत नाही, हे कोणाच्या लक्षात येऊ नये याची त्याला फार काळजी असायची. गोदामातली परकी अक्षरे बघून त्याचे डोके फिरले. हुकूम निघाला: गोदामातल्या प्रत्येक खोक्यावर आपल्या लिपीत चिठ्ठी डकवा, परकी छपाई झाकून टाका.

गोदामात वोर्कु होता. भिडस्त, पापभीरू माणूस. पायदळात गुडघा दुखावला म्हणून त्याला गोदामात बसवले होते. त्याला परकी अक्षरे लावून लावून वाचता येत, आकडे सहज येत. त्याने हुकूम इमानाने पाळला. नावे आपल्या लिपीत उतरवली. साल जसेच्या तसे ठेवले. आकडा तो आकडा, तो कुठे बदलतो? अशा तऱ्हेने परक्यांचे १९६९ साल आमच्या लिपीत १९६९ होऊन बसले.

त्याच वर्षी, म्हणजे आमच्या १९६९ च्या पावसाळ्यात, पूर्वेच्या सरहद्दीवर युद्ध पेटले. शेजारी देशाचे रणगाडे आत घुसले होते. आमची जी चार-दोन विमाने उडत होती, ती दिवसातून तीन तीन वेळा जायला लागली. आणि माझी सील गळू लागली. अयालनेहची चिंधी ओली निघू लागली. तो चिंधी उजेडात धरायचा आणि "हं" म्हणायचा नाही.

त्याने एका तिसऱ्या देशामार्फत सील मागवली होती. ती आज येतील, उद्या येतील अशी वाट बघणे चालले होते. शेवटी त्याने विमानाच्या नाकाला लाल फडके बांधले. लाल फडके म्हणजे हे उडणार नाही.

मेरीद तरातरा आला. "हे विमान का उभं आहे?"

"पाय गळतोय, कॉम्रेड."

"पाय गळतोय! पूर्वेला पोरं मरतायत आणि तुझा पाय गळतोय?"

"नाक वर राहिलं नाही तर ते उडणारच नाही. बाँब घेऊन धावपट्टीच्या टोकाला जाईल आणि तिथेच राहील."

"काल तर उडालं."

"काल उडालं म्हणून आज बांधलंय."

मेरीदने आवाज खाली आणला. तो आवाज खाली आणायचा तेव्हा लोक जास्त घाबरायचे. "अयालनेह, तू त्यांच्याकडे शिकून आलास. लोक म्हणतात, याचं मन अजून तिकडंच आहे. मी म्हणतो, नसेल. माझं म्हणणं खोटं पाडू नकोस."

तो गेल्यावर झेरिहुन पंखाखाली येऊन बसला. फिल्सेताचा, म्हणजे मेरीमातेच्या नावाचा, उपवास चालू होता. दुपार उलटेपर्यंत कोणी खात नसे. अयालनेहला महिन्याभरापूर्वी मुलगा झाला होता. इथे मुलाचे नाव चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये ठेवतात आणि त्या वेळी धर्मपिता लागतो. आई-बाप नसले तर लेकरू ज्याच्याकडे बघेल, तो धर्मपिता. ते काम झेरिहुनने आनंदाने अंगावर घेतले होते.

"गाशे, फडकं सोडा. मी सांभाळून नेईन."

"काय सांभाळशील? पाय खाली बसला तर तू आतून पाय लावणार आहेस?"

"माझे सोबती रोज जातायत. मी इथं सावलीत बसून आहे. मला लाज वाटते."

"लाज वाटू दे. लाजेने कोणी मरत नाही. माझ्या पोराला हातात धरायचंय तुला. तोपर्यंत या पायावर तुला मी पाठवणार नाही. येशीला शब्द दिलाय."

"आणि नवी सील आली तर?"

"नवी आली तर स्वतः ढकलून देईन."

मित्रांनो, त्या एका वाक्यावर सगळे टांगलेले होते. नवी सील आली तर झेरिहुन जाणार, नाही आली तर जगणार.

दुसऱ्याच दिवशी वोर्कु लंगडत लंगडत आला. काखेत पुठ्ठ्याचे खोके.

"अयालनेह, हे बघ. मागच्या फळीवर सापडलं. तुझ्याच मापाची आहेत ना?"

अयालनेहने झडप घालून खोके घेतले. वरची चिठ्ठी वाचली. आमच्या लिपीत लिहिले होते: पुढच्या पायाची सील, साल १९६९.

"यंदाची आहेत!" तो म्हणाला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "वोर्कु, यंदाची! आली रे बाबा. आणि तू मागच्या फळीवर टाकून बसलास?"

"माझ्या हाताने नाही आली," वोर्कु गोंधळून म्हणाला. "तिथंच होती. शेकडो चिठ्ठ्या डकवल्या, त्या गडबडीत कोणी ठेवली असतील."

"खोकं विटलेलं दिसतंय."

"बोटीतून आलं असेल. खारी हवा लागते."

ज्याची माणूस जिवाच्या आकांताने वाट बघत असतो, ते समोर आले की तो त्याला आडवेतिडवे प्रश्न विचारत नाही. खोके खरे तर आठ वर्षे त्याच फळीवर होते. जुन्या आवृत्तीच्या विमानांबरोबर आले, मापे तीच म्हणून राहिले. वर पत्र्याचे छप्पर. आठ उन्हाळे ते पत्र्याखाली भाजले होते. पण चिठ्ठी आमच्या लिपीत होती, आणि आमच्या लिपीतले साल आमचे, हे सगळ्यांनाच ठाऊक होते.

अयालनेहने एक सील बोटात धरून दाबले. ते दबले. त्यावरची पांढरी भुकटी पुसली तसे ते काळेभोर चमकले. रबराचे हेच वाईट; आतून संपले तरी वरून चमकते. त्याने तिन्ही माझ्या पोटात बसवली, तेल भरले, मला चार वेळा वर-खाली केले. मी वर गेलो, खाली आलो. एक थेंब गळला नाही.

मला मात्र पहिल्याच वेळी समजले. नवे सील माझ्या भिंतीला चिकटून सरकते. हे खरखरत होते. दाब आला की त्याच्या अंगावर बारीक चिरा उमटत आणि दाब गेला की मिटत. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. मला तोंड नव्हते. होती ती एक चकचकीत दांडी आणि तिच्यावरून फिरणारी चिंधी. चिंधी कोरडी निघाली. अयालनेहने ती उजेडात धरली आणि म्हणाला, "हं."

नियमाप्रमाणे नवी सील रात्रभर दाबाखाली ठेवायची असतात. त्याने मेरीदकडे एक रात्र मागितली. मेरीद म्हणाला, सकाळी पहिलं विमान हेच जाईल, नाहीतर तू कुठं जाशील ते मी ठरवतो. पण खरे सांगायचे तर त्या दिवशी अयालनेह फारसा भांडलाही नाही. त्याच्या मनाने यंदाची सील होती. त्याने नाकावरचे लाल फडके सोडले आणि घडी घालून खिशात ठेवले.

सकाळी धावपट्टी ओली होती. पंखांखाली बाँब लटकवले होते. झेरिहुन आला, शिडीपाशी थांबला.

"गाशे, घास?"

"उपास आहे, मूर्खा."

"मग परत आल्यावर. दोन. आजचा आणि उधारीचा."

"आधी ये तर."

ती शिडी अयालनेहने स्वतः काढली.

झेरिहुनने कळ दाबली. मी उंच झालो. विमानाने नाक वर उचलले. दोन्ही इंजिने गरजली आणि आम्ही सुटलो. अर्ध्या धावपट्टीपर्यंत मी धरून होतो. खाली एक खड्डा आला, छोटासाच, पाण्याने भरलेला. चाक आदळले, तेलाचा दाब उसळला आणि माझ्या पोटातले मधले सील फुटले. फाटले नाही, काचेसारखे फुटले. मागोमाग दुसरे. तेल भसकन निघून गेले आणि मी खाली बसलो. नाक खाली आले. पंखांखालचा वारा सुटला.

झेरिहुनला ते लगेच समजले असणार. त्याने बाँब टाकले नाहीत. कुंपणाला लागून मिस्त्र्यांच्या बायका-मुलांची घरे होती. ब्रेक लावले, पण तो वेग ब्रेकने थांबणारा नव्हता. धावपट्टी संपली. पुढे चर होता. चराच्या काठावर मी आदळलो आणि गुडघ्यात मोडलो. मी तिथेच पडलो. विमान माझ्याशिवाय पुढे गेले, टेफच्या हिरव्या शेतात. त्यानंतर जो आवाज आला तो मी सांगत नाही.

दुपारी अयालनेह चरात उतरला. शेतात बघण्यासारखे काही उरले नव्हते. तो माझ्यापाशी उकिडवा बसला, रोज बसायचा तसा. अवजारे काढली, मला उघडले, आत बोटे घातली. हाताला आले ते तुकडे होते. त्याने मूठ मिटली, तसा त्यांचा चुरा झाला. उन्हात वाळलेल्या इंजेराचा होतो तसा. मग उठला, गोदामात गेला, उरलेले खोके घेऊन आला. नखाने चिठ्ठीचा कोपरा उचकटला. खाली परकी छपाई होती. तेच साल. १९६९. त्यांचे.

मला हँगरमध्ये आणून जमिनीवर टाकले. मेरीद आला. मिस्त्री भिंतीला लागून उभे राहिले. वोर्कु सगळ्यात मागे होता. त्याचे ओठ हलत होते, बहुधा प्रार्थना करत होता.

"कोणी बसवलं?" मेरीदने विचारले.

"मी."

"आणि सील दिलं कोणी?"

अयालनेहने मागे बघितले. वोर्कुच्या पाच मुलींची नावे त्या तळावर सगळ्यांना पाठ होती. त्या दिवसांत 'घातपाती' हा एक शब्द माणसाला भिंतीसमोर उभे करायला पुरे होता.

"गोदामातून मी घेतलं," अयालनेह म्हणाला. "तपासायचं काम माझं. माझं चुकलं. माझं काय करायचं ते करा. पण कॉम्रेड, एक ऐका. त्या खोक्यात अजून सील आहेत. ती फेकून द्या. आत्ता, माझ्यासमोर. ते साल आपलं नाही, त्यांचं आहे. आठ वर्षांचं रबर आहे ते."

मेरीदने खोके हातात घेतले. चिठ्ठी वाचली. चिठ्ठी डकवण्याचा हुकूम त्याचाच होता, हे हँगरमधल्या प्रत्येकाच्या डोक्यात होते. त्याच्याही.

"आपल्या गोदामात आहे. आपल्या लिपीत आहे. आणि साल त्यांचं?" तो म्हणाला. "म्हणजे चूक आपल्या लिपीची, असं म्हणायचंय तुला?"

"लिपीची नाही हो. खाली बघा. उचका ती चिठ्ठी, खाली छापलंय."

"तुला अजून त्यांनी छापलेलंच खरं वाटतं."

"देवाशपथ, नका घालू ती सील. हवं तर मला मारा, पण नका घालू."

मेरीदने उचकटलेला कोपरा अंगठ्याने दाबून परत चिकटवला आणि खोके वोर्कुच्या हातात दिले. "जागेवर ठेव."

वोर्कुने अयालनेहकडे बघितले. त्याला आता सगळे कळले होते. एक शब्द बोलला असता तर खोके गेले असते आणि बहुधा तोही गेला असता. तो बोलला नाही. खोके छातीशी धरून लंगडत निघून गेला. मी त्याला दोष देत नाही. पाच मुली होत्या.

अयालनेहला जीपमध्ये बसवले. जाताना त्याने खिशात हात घातला, तसे शिपायांनी बंदुका रोखल्या. खिशातून निघाले ते घडी घातलेले लाल फडके. ते त्याने मला गुंडाळले नाही की कोणाला दिले नाही. हातातच घट्ट धरले आणि तसाच गेला.

तो परत आला नाही. कुठे नेले, काय केले, हे येशीला कोणी सांगितले नाही. चाळिसाव्या दिवशी ती लेकरू घेऊन चर्चमध्ये गेली, असे मिस्त्र्यांच्या बोलण्यात आले. पुरोहिताने विचारले, धर्मपिता कोण? तिने दाराकडे बघितले. विचारले, बाप कुठे आहे? तेव्हाही दाराकडेच. शेवटी दाराशी बसलेल्या एका आंधळ्या म्हाताऱ्याला उठवून उभे केले. त्याने लेकराला हातात घेतले आणि विचारले, हे कोणाचं?

मला भंगारात टाकले ते त्याच आठवड्यात. पाऊस संपला, शेतात टेफ पिवळे झाले. एक दिवस ट्रॅक्टरने ओढत दुसरे विमान माझ्याशेजारी आणून टाकले. पुढे चेपलेले, नाक जमिनीत. त्याचा पुढचा पाय मी ओळखला; माझ्याच कारखान्यातला, माझाच भाऊ. माझ्यासारखाच गुडघ्यात मोडलेला. त्याच्या फुटक्या नळीतून काळा चुरा सांडत होता.

त्यानंतर आणखी एक आले. खोक्यात किती सील होती हे मला माहीत नाही. ती संपली, तेव्हा विमाने पडायची थांबली.

मित्रांनो, माझ्यासारख्या मुक्या वस्तूला सांगण्यासारखे फार नसते. तुमच्या घरातही अशा कितीतरी वस्तू असतील, ज्या वरून चमकतात आणि आतून संपलेल्या असतात. त्यांच्यावरून रोज हात फिरवा. साल लिहिलेले दिसले तर ते कोणी लिहिले, कोणाचे आहे, हे विचारा. वरची चिठ्ठी उचकटून खाली बघा. आणि कोणी तुम्हाला कळवळून सांगत असेल की हे फेकून द्या, तर त्याला जीपमध्ये बसवण्याआधी एकदा खाली बघा.

ही विनंती मी बऱ्याच वर्षांपासून करतो आहे. इथे येतात ते भंगारवाले. मला काठीने ठोकून बघतात, माझे वजन किती भरेल याचा अंदाज घेतात आणि निघून जातात. चिंधी घेऊन अजून कोणी आलेले नाही.